ट्रॅव्हलरमध्ये डिझेल हीटर : ग्वाल्हेर ते काझा

१८ नोव्हेंबर

गाडी फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० मिलिमीटर व्हीलबेस, आपल्याच मध्य प्रदेशात पीथमपूरला बनलेली. तिचं फिरतं घर करतोय. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, दिवे हे सगळं उरकलं आहे आणि आरसीवर बदलाची नोंदही झाली आहे. राहिली आहे ती ऊब. एप्रिलच्या सुरुवातीला किन्नौरमार्गे हिमाचलात, स्पितीतल्या काझाला जायचं ठरतंय. त्या दिवसांत तिथे रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. हिचं म्हणणं, दोन रजया जास्त घेऊ. रजईत झोप लागेल, पण पहाटे चहा करायला बाहेर कोण येणार?

पर्याय तपासले. वीज पहिल्याच फेरीत बाद झाली. हजार वॅटचा हीटर इन्व्हर्टरवर लावला तर १२ व्होल्टच्या बाजूने नव्वद अँपिअरच्या आसपास ओढणार, म्हणजे माझी १०० अँपिअर-तासांची बॅटरी तासाभरात गार. गॅसची अडचण वेगळी. आपल्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनचा वाटा मोठा असतो आणि ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्धा अंश, त्यामुळे कडक थंडीत सिलिंडरमधून दाबच येत नाही. शिवाय उघड्या ज्योतीवर किलोभर गॅस जळला की दीड किलो पाण्याची वाफ आतच राहते. सकाळी पत्र्यावरून थेंब टपकणार आणि गाद्या ओलसर होणार. शेगडीचा विचारही नको. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांची बातमी आपल्याकडे दर हिवाळ्यात वाचायला मिळते.

उरला डिझेल हीटर. त्याची रचना मला पटली. जळणाची हवा गाडीखालून येते आणि धूर गाडीखालीच जातो. खोलीतली हवा वेगळ्या पंख्याने गरम ॲल्युमिनियमच्या फिन्सवरून फिरते. या दोन हवांची कुठेच गाठ पडत नाही, त्यामुळे ऊब कोरडी मिळते.

२४ नोव्हेंबर

आज कागदावर हिशेब. आतलं माप ३.२ मीटर लांब, १.७५ रुंद, १.८ उंच. छत, फरशी आणि भिंती धरून २९ चौरस मीटर पृष्ठभाग. पत्र्याला आतून २५ मिलिमीटर फोम आहे. नुसता फोम धरला तर चौरस मीटरमागे एका अंशाला १.१ वॅट गळती येते, पण लोखंडी फासळ्या, काचा, दारांच्या फटी यांतून उष्णता सरळ निसटते. म्हणून सरासरी २ धरली. बाहेर उणे १०, आत १५, फरक २५ अंशांचा. २९ गुणिले २ गुणिले २५, म्हणजे १४५० वॅट. छतावरच्या झडपेतून येणाऱ्या ताज्या हवेसाठी आणखी दीड-दोनशे. १६५० धरून चालू.

हाच हिशेब ग्वाल्हेरच्या पाच अंशांच्या रात्रीला लावला तर जेमतेम सहाशे-सातशे वॅट पुरतात. एकच गाडी आणि गरज अडीच पट वेगळी. खरी डोकेदुखी इथे आहे.

१ डिसेंबर

बाजारात मापं दोनच, २ किलोवॅट आणि ५ किलोवॅट. ‘८ किलोवॅट’ लिहिलेला डबाही मिळतो, पण तो बहुतेक वेळा आतून पाचवालाच असतो.

जाणकार एकमुखाने सांगतात की व्हॅनला दोनच घ्या. कारण बरोबर आहे. मोठा हीटर सतत मंद चालवला की ज्योत थंड राहते, डिझेल पुरतं जळत नाही आणि ग्लो प्लगच्या (डिझेल पेटवणाऱ्या तापत्या दांड्याच्या) जाळीवर व चेंबरमध्ये काजळी धरते. काही काळाने हीटर पेटेनासा होतो. वेबॅस्टो आणि एबरस्पेकर या जर्मन कंपन्यांचे दोन किलोवॅटचे हीटर तासाला सुमारे पाव लिटरच्या आत डिझेल खातात आणि खालच्या टोकाला ८५०-९०० वॅटपर्यंत उतरतात. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर एवढंच फिरायचं असतं तर मी डोळे मिटून दोनवाला घेतला असता.

पण हा सल्ला सपाटीवरचा आहे. काझाचा पेट्रोल पंप ३७४० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६३ टक्के. थंडीने हवा थोडी घट्ट होते हे धरलं तरी पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यात प्राणवायू दोन तृतीयांशच येणार. हीटरमध्ये किती डिझेल नीट जळेल हे प्राणवायू ठरवतो, ठोक्या-ठोक्याने डिझेल पाठवणारा हीटरचा पंप नाही. म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर काझात सव्वा-दीड किलोवॅटचा होतो आणि मला हवे आहेत १६५०. नेमकं जिथे लागतं तिथेच तो कमी पडणार.

आता पाचवाला. त्याच्या पंपावर लिहिलेलं असतं २२ मिलिलिटर दर हजार ठोक्यांना. कारखान्यातली कमाल गती सेकंदाला ५ ठोके. तासाला झालं साधारण ३९६ मिलिलिटर. डिझेलच्या लिटरमध्ये दहा किलोवॅट-तासांच्या जवळपास ऊर्जा असते, त्यातली ८० टक्के खोलीला मिळाली तर सव्वातीन किलोवॅटच्या आत. खरे पाच किलोवॅट काढायचे तर तासाला सहाशेच्या वर मिलिलिटर जाळावं लागेल आणि तेवढं हा पंप देतच नाही. डब्यावरचा आकडा फुगवलेला आहे, आणि माझ्या दृष्टीने ते चांगलंच आहे. सव्वातीनचा दोन तृतीयांश म्हणजे दोनच्या वर. काझासाठी अगदी बेताचा.

ठरलं, पाचवाला. ग्वाल्हेरमध्ये तो जास्त होईल. तिथे मंद चालवत ठेवायचा नाही. जोरात चालवून गाडी तापवायची आणि बंद करायचा.

७ डिसेंबर

ऑर्डर दिली. चिनी बनावट, पंधरा हजारांच्या आत. कंट्रोलरमधून पंपाच्या आणि पंख्याच्या गतीची कमाल-किमान दोन्ही टोकं बदलता येतात याची खात्री करूनच पैसे भरले. त्यात उंचीसाठी ‘पठार मोड’ आहे असं विक्रेता म्हणतो. असेना, मी मोजूनच घेणार.

२१ डिसेंबर

खोकं आलं. हीटर ठीक, गॅस्केट ठीक. सोबतची हिरवी मऊ डिझेल नळी बाजूला काढून ठेवली. मऊ नळी पंपाच्या प्रत्येक ठोक्याला फुगते-आकसते, मग ज्योत धाप लागल्यासारखी चालते. तिच्याऐवजी कडक नायलॉनची, आतून २ मिलिमीटरची नळी घेतली. सोबत आलेल्या क्लिपाही पातळ पत्र्याच्या निघाल्या. दौलतगंजातून स्टीलच्या घेतल्या.

पंप टेबलावर लावून नळीचं तोंड मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडलं आणि कंट्रोलरवरून प्रायमिंग (हीटर न पेटवता नुसता पंप चालवून नळी भरणं) चालू केलं. पाचशे ठोक्यांना ११ मिलिलिटर यायला हवं होतं, १२ आलं. म्हणजे पंप हजाराला २४ देतो, नऊ टक्के जास्त. पाच ठोक्यांच्या गतीवर ठेवला असता तर ग्वाल्हेरमध्येच काजळी धरली असती. कमाल ४.६, किमान १.५ केली. हे माप कोणी घेत नाही आणि मग हीटर वाईट म्हणून ओरड होते.

२९ डिसेंबर

जागा ठरली: ड्रायव्हरच्या मागच्या बाकाखाली. गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही. आमच्या मोहल्ल्यातले, चिटणीसांच्या गोठेतले, रस्ते पालखीच्या मापाचे आहेत. म्हणून कामं कंपू भागात, मेहुण्याच्या प्लॉटवर.

भोक पाडण्याआधी खाली झोपून पाहिलं. चासीचा आडवा बीम कुठे, ब्रेकची नळी कुठे, वायरिंग कुठून जाते. वरून एक बारीक ड्रिल मारलं, पुन्हा खाली जाऊन बघितलं, मगच मोठा होल सॉ लावला. फरशी १२ मिलिमीटर प्लायची आहे. हीटरचा तळ आणि एक्झॉस्टचं तोंड लाकडाला टेकता कामा नये. म्हणून ग्वाल्हेरच्याच हजिरा भागातल्या फॅब्रिकेटरकडून ३ मिलिमीटर लोखंडी प्लेट कापून आणली आणि प्लायचा गाळा तिच्या मापाने मोठा केला. प्लेट पत्र्यावर, हीटर प्लेटवर, मध्ये गॅस्केट, कडेने तापमान सोसणारं लाल सिलिकॉन. हे गॅस्केट नीट बसलं नाही तर खालचा धूर वर येण्याची वाट तयार होते, म्हणून नट आडवे-तिरपे, थोडे थोडे करून आवळले.

फॅब्रिकेटर म्हणाला, “साब, एसी तो सुना था, गाड़ी में अंगीठी पहली बार देखी.” प्लेट मात्र मिलिमीटरला मिलिमीटर.

५ जानेवारी

एक्झॉस्टला अख्खा दिवस गेला आणि जायलाच हवा होता.

परदेशी व्हॅनमध्ये सरकतं दार बहुधा उजवीकडे असतं, म्हणून तिकडची चित्रं धूर डावीकडे काढताना दिसतात. आपल्याकडे दार डावीकडे, फुटपाथच्या बाजूला. मी धूर उजवीकडे काढला, मागच्या चाकाच्या पुढे, तोंड खाली आणि किंचित मागे. गाडीच्या पोटाखाली तोंड सोडायचं नाही. वारा पडला की धूर तिथेच साचतो आणि फटींमधून वर येतो. हवा आत घेणारी नळी विरुद्ध बाजूला ठेवली, नाहीतर हीटर स्वतःचाच धूर ओढतो. धुराच्या तोंडावरची उजवीकडची खिडकी हीटर चालू असताना बंदच राहील.

पाइप २४ मिलिमीटरचा स्टेनलेस फ्लेक्सिबल. संपूर्ण वाट उताराची, आणि सायलेन्सर सगळ्यात खाली, त्याचं बारीक छिद्र जमिनीकडे. डिझेल जळताना पाणी तयार होतं. ते पाइपच्या झोळात साचलं तर काझाच्या रात्री गोठेल आणि सकाळी हीटर पेटणार नाही. पाइप प्लेटमधून उतरतो तिथपासून हातभर अंतरावर फायबरग्लासची पट्टी गुंडाळली. ब्रेकच्या नळीपासून वीतभर लांब, मध्ये पत्र्याची आडवी ढाल.

११ जानेवारी

गाडीच्या टाकीतून डिझेल घ्यायचं की वेगळी टाकी? टाकीला हात लावला तर ती उतरवावी लागते आणि स्टँडपाइप (टाकीत उतरणारी वेगळी नळी) बसवावा लागतो. मी सात लिटरची वेगळी टाकी घेतली, मागच्या दारातूनच उघडणाऱ्या कप्प्यात. कप्पा आणि केबिन यांच्यामध्ये प्लायची भिंत, सगळे सांधे सिलिकॉनने बंद, टाकीचा श्वासनलिकेचा पाइप फरशीतून बाहेर. आत डिझेलचा वास नाही. त्याहून मोठा फायदा म्हणजे टाकी अंगाशी असल्याने डिझेल फार थंड होत नाही. आपल्या मैदानी पंपांवरच्या डिझेलमधलं मेण थंडीत सुटायला लागतं. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आणि हिवाळी डिझेलला ६ अंश आहे. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. ग्वाल्हेरहून मार्चअखेर भरलेलं डिझेल घेऊन डोंगरात जाण्यात अर्थ नाही. टाकी तिकडेच भरायची. कोणी केरोसीन मिसळा म्हणेल. रेशनचं निळं केरोसीन गाडीत घालणं गुन्हा आहे, तो विषय तिथेच संपला.

पंप तिरपा बसवला, सुटणारं तोंड वर, सुमारे तीस अंशांत, म्हणजे हवेचा बुडबुडा आत अडकत नाही. खाली रबर. नळीच्या जोडांवर दोन्ही टोकं एकमेकांना भिडवूनच वर रबरी तुकडा चढवला. मध्ये पोकळी राहिली की तिथे बुडबुडा जमतो, तो मोठा होऊन एकदम सुटतो आणि ज्योत विझते.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. गुळाची पोळी, तिळगूळ, संध्याकाळी ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात. १९०५ पासून भरणाऱ्या या मेळ्याच्या मोटारींच्या भागात कर-सवलतीसाठी गर्दी उसळलेली असते, पण कॅरॅव्हॅनचं सामान विचारलं की दुकानदार तेल भरलेला रेडिएटर दाखवतात. गजक घेऊन परतलो.

१९ जानेवारी

वायरिंग. हीटर चालू असताना अँपिअरभरच घेतो, पण पेटताना ग्लो प्लग दोन-तीन मिनिटं दहा अँपिअरच्या घरात ओढतो. बॅटरी मागे, हीटर पुढे, जाऊन-येऊन दहा मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत दहा अँपिअरला पाऊण व्होल्ट गळतो, सहाच्या तारेत ०.३. थंडीत आधीच सुस्तावलेल्या बॅटरीतून पाऊण व्होल्ट आणखी गेला की कंट्रोलर कमी व्होल्टेजची तक्रार करून बंद पडतो. सहाची टाकली, बॅटरीपाशी १५ अँपिअरचा फ्यूज.

मेन स्विचमधून हीटरची तार घेतलेली नाही. हीटर बंद केल्यावरही पंखा काही मिनिटं फिरून चेंबर थंड करतो. ती वीज मध्येच तोडली तर आतली उष्णता अडकते, पंख्याचं प्लास्टिक आणि सेन्सर जळतात. रात्री झोपताना मेन स्विच बंद करायची हिला सवय आहे आणि ती चांगली सवय आहे. तिला बदलण्यापेक्षा तार बदलणं सोपं.

एक जपायचं. माझी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे, शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते. सकाळी गाडी सुरू करण्याआधी अर्धा तास हीटर, म्हणजे बॅटरीचा कप्पाही ऊब धरतो.

२५ जानेवारी

पेटला! आधी प्रायमिंग करून डिझेल हीटरपाशी येईपर्यंत नळीवर डोळे लावून बसलो. मग चालू. मिनिटभर काही नाही, पंपाची टिकटिक, मागाहून पांढरा धूर. तो न जळलेल्या डिझेलचा. थोड्या वेळात धूर नाहीसा झाला आणि नळीतून गरम हवा. गॅस्केटच्या कडेने साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा नाही. एक्झॉस्टच्या क्लिपांपाशी वास नाही. क्लॅम्प मीटरवर पेटताना ९ अँपिअर, मंद गतीवर ०.८. रात्रभराचा हिशेब पंधरा अँपिअर-तासांच्या आत बसतो.

नव्या पाइपच्या ऑइलचा वास पहिला तासभर राहतो, दार उघडं ठेवून तो जाऊ दिला.

२ फेब्रुवारी

रात्र गाडीत. बाहेर ६ अंश, धुकं, प्लॉटवरची कुत्रीसुद्धा पोत्यात. पलंगाच्या उंचीवर २१ व्हायला अर्धा तास पुरला, मग बंद. पहाटे १३. पुन्हा वीस मिनिटं पूर्ण जोरात. मंद गतीवर मुद्दाम ठेवला नाही, त्याचं कारण वर लिहिलं आहे.

टिकटिक पलंगावर ऐकू येते. पंपाच्या रबराखाली आणखी एक रबर घातलं, आता कान दिला तरच.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीच्या उंचीवर लावला. लोक टेस्टचं बटण दाबून निर्धास्त होतात, ते फक्त भोंगा तपासतं. युरोपीय मानकाप्रमाणे हा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) तासाभरानंतर वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे तो वाजला की चर्चा करायची नाही, दार उघडून बाहेर पडायचं. छतावरची झडप चार बोटं उघडीच राहील, उकडो वा गारठो.

२३ फेब्रुवारी

ग्लो प्लग काढून जाळी पाहिली. राखाडी, कोरडी. काळी ओलसर असती तर डिझेल जास्त, हवा कमी असं समजायचं. एक जाळी आणि एक ग्लो प्लग जास्तीचा घेऊन ठेवला, तो बसवायचा पानाही त्याच पिशवीत.

६ एप्रिल, कल्पा

उंची २९६० मीटर. टाकी रेकाँग पिओला भरली. मुद्दाम ग्वाल्हेरच्याच सेटिंगवर पेटवला. पेटला, पण जोरावर नेल्यावर एक्झॉस्टला काळपट धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास. कमाल ४.६ वरून ३.८ केली, धूर गेला. ‘पठार मोड’ने मात्र काही फरक पडलेला दिसला नाही. निदान या यंत्रात ते बटण शोभेचं आहे.

९ एप्रिल, काझा

बाहेर उणे ७. कमाल ३.२. खालच्या टोकाला डिझेल फार कमी केलं तर ज्योत विझते, म्हणून किमान १.५ वरून १.४ इतकीच उतरवली आणि पंख्याची किमान गती १६०० वरून २००० फेऱ्यांवर नेली. धूर नाही. हवा थंड असल्यामुळे वाफेची पांढरी शेपूट दिसते, तिला वास नसतो.

३.२ वर तासाला २७६ मिलिलिटर, म्हणजे कागदावर सव्वादोन किलोवॅटच्या आत. आत १७ अंश राहिले आणि हीटर पूर्ण जोरात जेमतेम निम्मा वेळ होता. माझा गळतीचा अंदाज थोडा चढा होता. मागच्या दाराला लावलेल्या गोधडीच्या पडद्याचा त्यात वाटा असावा. तरी दोनवाला इथे रात्रभर पूर्ण ताकदीने पळत राहिला असता आणि उणे १५ ला कमी पडला असता.

उतरताना नाकोला पुन्हा एक रात्र. खाली शिमल्याला पोचलो की सेटिंग ४.६ आणि १.५, पंखा १६०० वर परत. कागद कंट्रोलरशेजारी चिकटवला आहे: उंची, कमाल, किमान, पंखा. हिने खाली पेनने लिहिलं आहे, “झडप उघडी आहे का बघा.”